रस्त्याची पाळी



कसबा बावड्यांत राहणाऱ्या माणसाला गर्दी म्हणजे काय हें पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला कीं उसानें लादलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्याच्या कडेनें रांग धरतात, आणि त्यांतूनच शाळेचीं मुलें, दुधाच्या किटल्या अडकवलेल्या सायकली व कचेरीस निघालेल्या मोटारी वाट काढीत असतात. पुष्कळ वर्षांपूर्वीं ती रांग पाहून माझ्या वर्गांतल्या एका मुलानें विचारलें होतें, "गुरुजी, कारखान्याचें फाटक मोठें कां करीत नाहींत?" प्रश्न भाबडा होता, पण महामार्ग रुंद करूं म्हणणारी शहाणी माणसेंही फार वेगळें कांहीं विचारीत नाहींत.

फाटक कितीही मोठें केलें, तरी ऊस अखेर गव्हाणींतच पडावयाचा असतो, आणि गव्हाण तासाला पेलतो तेवढाच ऊस घेते. म्हणून कारखाना पाळी लावतो. लागणीची नोंद पाहून तोडीची चिठ्ठी देतो. चिठ्ठीशिवाय सगळेच कोयते एका दिवशीं चालले, तर रांग शियेच्या पुलापर्यंत जाईल आणि ऊस वाळेल.

रस्त्याचेंही असेंच आहे. मोटारींच्या एका मार्गिकेवरून तासाला फार तर १,८०० ते २,००० गाड्या सुरळीत जातात. त्याहून अधिक घुसल्या म्हणजे वेग तर मंदावतोच, पण पलीकडे निघणाऱ्या गाड्यांची संख्याही घटते. चौथीच्या वर्गाला त्रैराशिक शिकवण्यांत माझें आयुष्य गेलें. येथें त्रैराशिक चालत नाहीं, हें कळावयास मला बराच काळ लागला. मार्गिका दुप्पट केल्यानें खोळंबा निम्मा होत नाहीं. रस्ता मोकळा दिसला कीं जे पूर्वीं लवकर निघत, जे बसनें जात, जे घरींच राहत, ते सगळे नेमके नवाच्या ठोक्याला त्याच रस्त्यावर येतात. अमेरिकेंत ह्यूस्टन शहरीं केटी नांवाचा महामार्ग २००८ सालापर्यंत रुंद करण्यांत आला; बाजूचे रस्ते धरून कांहीं ठिकाणीं तो २६ मार्गिकांचा झाला. थोड्याच वर्षांत तेथें सकाळसंध्याकाळची कोंडी परत आली. मात्र त्याच रस्त्याच्या मध्यभागीं टोलाच्या मार्गिका आहेत, आणि तेथें गर्दीच्या वेळीं दर अधिक असतो. म्हणजे तेथें टोल चिठ्ठीचें काम करतो.

आपल्याकडे टोल म्हटला कीं कोल्हापूरकराचें रक्त तापतें, आणि तें साहजिक आहे. शहरांतील सुमारें ४९ किलोमीटर रस्त्यांचें काम २२० कोटी रुपयांच्या प्रकल्पांत एका खासगी कंपनीस देण्यांत आलें आणि तीस वर्षें टोल घेण्याचा करार झाला. ऑक्टोबर २०१३ मध्यें वसुली सुरू झाली. शहरांत शिरणाऱ्या वाटांवर नाके बसले. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखे वयोवृद्ध पुढारी रस्त्यावर उतरले, मोर्चे निघाले, जानेवारी २०१४ मध्यें नाके पेटवण्यापर्यंत मजल गेली. जाळपोळ मला तेव्हांही पटली नव्हती, आजही पटत नाहीं. अखेर शासनानें टोल रद्द केला आणि कंपनीस भरपाई देण्याचें ठरवलें. रस्ता फुकट झाला असें मात्र कोणीं समजूं नये. खिशांतून जावयाचा पैसा तिजोरींतून गेला इतकेंच.

त्या टोलानें गर्दी हटवावी असा कोणाचा हेतूच नव्हता. तो खर्च वसूल करण्याचा टोल होता. रात्रीं बाराला जा कीं सकाळीं नवाला, दर एकच. आणि नको म्हणणाऱ्याला दुसरा सोयीचा रस्ता नाहीं. शिवाय आधीं कोणीं विचारलें नाहीं. स्वीडनच्या स्टॉकहोम शहरानें २००६ सालीं सात महिने प्रयोग म्हणून गर्दीचा कर लावला, रहदारी सुमारें एक पंचमांशानें उतरली, मग कर थांबवून लोकांचें मत घेतलें. शहरांतल्या लोकांनीं होकार दिला, आणि २००७ मध्यें कर कायम झाला. अनुभव आधीं, कौल मागून. आपण दोन्ही गाळलीं.

आतां सातारा ते कागल हा महामार्ग सहापदरी करण्याचें काम हातीं घेतलें आहे. (सहापदरी म्हटलें कीं पदरचे पैसेही आलेच!) किणी आणि तासवडे येथील नाके आपल्या ओळखीचेच. २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यामुळें वेळेप्रमाणें दर बदलणें आतां यंत्राला अवघड नाहीं. उद्यां कोणी म्हणेल कीं नव्या पदरांतला एक टोलाचा करूं, घाई असेल त्यानें पैसे भरून पुढें जावें. तेव्हां नुसतें "टोल नको" म्हणून भागणार नाहीं.

गरिबाला मागें ठेवून श्रीमंताला वाट, हा आक्षेप खरा आहे. उसाची चिठ्ठी लागणीच्या तारखेनें निघते, थैलीच्या वजनानें नव्हे. पण फुकट रस्त्यावरचा खोळंबा हाही टोलच आहे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत पाळीवर पोंचावयास उशीर झाला म्हणून ज्याचा अर्धा दिवस कापला जातो, तो कामगार रोज तो टोल भरतो, आणि तो कोणाच्याच गल्ल्यांत पडत नाहीं. यांतून वाट सिंगापूरनें १९७५ सालींच दाखवली: सकाळीं शहराच्या मध्यभागीं येणाऱ्या मोटारींना परवान्याचे पैसे, पण चार माणसें बसलेल्या मोटारीला आणि बसला माफी. तेथें थैलीबरोबर माणसेंही मोजलीं गेलीं. एस. टी.ची बस पन्नास माणसें नेते. त्या मार्गिकेवर पहिला हक्क तिचा, मग भरलेल्या वडापचा, आणि उरलेल्या जागेचा लिलाव खुशाल एकट्यानें मोटार हांकणाऱ्यांत करावा. जुने पदर मात्र तेवढेच आणि मोफत राहिले पाहिजेत. नाहींतर तो लिलाव नव्हे, खंडणी होईल.

आणि त्या पैशाचें पहिलें काम कोणतें, असें मला विचाराल तर मी बस म्हणणार नाहीं. ऑगस्ट २०१९ मध्यें आणि पुन्हा जुलै २०२१ मध्यें पंचगंगेचें पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलें आणि पुण्याकडचा रस्ता बंद पडला. दूध अडकलें, औषधें अडकलीं. तेथें मातीचा भराव आणखी रुंद आणि उंच केला, तर तो पुराला बांधासारखा आडवा होईल, आणि त्याचें पाणी आमच्या बावड्याच्या शेतांत थांबेल. तेवढा तुकडा खांबांवर उचलावा, खालून नदीला वाट द्यावी. मार्गिका किती आणि टोल किती, याचा हिशेब त्यानंतर मांडावा.