राष्ट्रीय क्रीडा संस्था कोणासाठी?

(क्रीडा कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



निवडक खेळाडू घडविण्यासाठी शासनाने संस्था चालवावी काय, हा आजचा विषय आहे. आपल्यापैकी अनेकांचे मत मला ठाऊक आहे. ज्या देशात असंख्य शाळांना मैदान नाही, त्या देशाने मूठभर खेळाडूंवर पैसा का खर्चावा, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु त्यावरून संस्थाच नको, असा निष्कर्ष काढणे मला चुकीचे वाटते.

संस्था नव्हती तेव्हा काय होत होते, ते आठवून पाहा. 1952 साली हेलसिंकी येथे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत ब्राँझपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासाच्या खर्चासाठी लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. ही हकीकत आपण अभिमानाने सांगतो. खर्डेकरांच्या त्यागाला वंदनच केले पाहिजे. पण खेळाडूला देशाचे प्रतिनिधित्व करता यावे म्हणून एका शिक्षकाला घर गहाण टाकावे लागते, यात राष्ट्राला अभिमान वाटावा असे काय आहे? आणि ज्या मल्लांना असा प्राचार्य भेटला नाही, त्यांचे काय झाले? त्यांची नोंद कोणाच्याही वहीत नाही. खेळ दानशूरांवर सोपविला की श्रीमंतांच्या मुलांना संधी मिळते आणि गरिबांच्या मुलांच्या वाट्याला, नशीब असले तर, दया येते.

1961 साली पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाली, ती संस्थानी काळातल्या मोतीबाग राजवाड्यात. 1973 साली तिला नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव देण्यात आले आणि 1987 साली ती भारतीय क्रीडा प्राधिकरणात विलीन झाली. तिचे मूळ काम प्रशिक्षक तयार करण्याचे होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. एक जाणता प्रशिक्षक तालुक्याच्या गावी पोचला, तर शेकडो मुलांना शास्त्रशुद्ध शिक्षण मिळते. पुढे राष्ट्रीय संघांची सराव शिबिरे तेथे भरू लागली आणि लोकांचे लक्ष पदकांच्या मोजणीकडे गेले.

मणिपूरच्या मीराबाई चानू यांचे उदाहरण घ्या. लहानपणी गावाहून इंफाळच्या मैदानावर जाण्यासाठी त्या वाळूच्या ट्रकमधून प्रवास करीत. 2016 साली रिओमध्ये क्लीन अँड जर्कचे त्यांचे तिन्ही प्रयत्न फसले आणि त्यांची एकूण नोंदच झाली नाही. तरीही त्यांचे प्रशिक्षण थांबले नाही. 2017 साली त्या जगज्जेत्या ठरल्या आणि पतियाळाच्या शिबिरात घाम गाळून 2021 साली टोकियोत त्यांनी रौप्यपदक जिंकले. परतल्यावर त्यांनी त्या ट्रकचालकांना घरी बोलावून त्यांचा सत्कार केला. सार्वजनिक संस्थेचे खरे समर्थन मला येथे दिसते. बाजार पराभूताला दुसऱ्या दिवशी विसरतो. लोकांच्या पैशावर चाललेल्या संस्थेने तसे करता कामा नये. पण मैदानापर्यंत पोचण्याची जी सोय शासनाने करायची, ती ट्रकचालकांच्या माणुसकीवर सोडली गेली होती, हेही त्यातून दिसते.

आता दुसरी बाजू. संस्था शासकीय आहे एवढ्याने ती न्याय्य ठरत नाही. पूर्व जर्मनीने आपल्या मुलींना जीवनसत्त्वे म्हणून उत्तेजक द्रव्ये दिली. पदके राज्याच्या खात्यावर जमा झाली, आजार मुलींच्या शरीरात राहिले. तेथे स्वतःला समाजवादी म्हणविणारे सरकार होते, म्हणून हे आपण अधिक स्पष्टपणे बोलले पाहिजे. ऑस्ट्रेलियाला 1976 च्या माँट्रियल स्पर्धेत एकही सुवर्णपदक मिळाले नाही, तेव्हा त्या देशाने 1981 साली कॅनबेरा येथे राष्ट्रीय संस्था उघडली. 2000 साली सिडनीत त्याला 58 पदके मिळाली. आणि 2021 साली जिम्नॅस्टिक्समधील छळावर तेथील मानवी हक्क आयोगाचा अहवाल आला, तेव्हा त्याच संस्थेला आपल्या माजी खेळाडूंची माफी मागावी लागली. आपल्याकडे 2023 साली महिला कुस्तीगीरांना लैंगिक छळाची तक्रार घेऊन दिल्लीत जंतरमंतरच्या पदपथावर बसावे लागले. ज्यांच्या हाती निवड, त्यांच्याच हाती तक्रारीचा निवाडा असेल, तर खेळाडूने दाद कोठे मागावी?

म्हणून माझे म्हणणे असे आहे. संस्था हवी, पण तिचा हिशेब केवळ पदकांत मांडला जाऊ नये. तिच्यातून बाहेर पडलेले किती प्रशिक्षक तालुक्यांत काम करतात, हे विचारले जावे. दुखापतीने किंवा निवड न झाल्याने परत गेलेल्या मुलामुलींचे शिक्षण, उपचार आणि उपजीविका यांची जबाबदारी कोणी घेतली, हे विचारले जावे. तक्रारीची चौकशी प्रशिक्षक आणि क्रीडासंघ यांच्यापासून स्वतंत्र अशा समितीने करावी व तीत खेळाडूंनी निवडलेले प्रतिनिधी असावेत.

हे प्रश्न दिल्लीत विचारण्यापूर्वी आपल्या जिल्ह्याच्या क्रीडासंकुलात विचारून पाहा. तेथे प्रशिक्षक किती आहेत, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे काय, आणि फाटक संध्याकाळी कोणासाठी उघडते, एवढी माहिती घेऊन पुढच्या बैठकीला या. तेथून आपल्या कामाला आरंभ करता येईल.