नाहिद जिंकावी म्हणून

रिओ ऑलिंपिक म्हटलं की आपल्याला साक्षी मलिकचं कांस्यपदक आठवतं. त्याच २०१६ च्या स्पर्धेत अठरा वर्षांच्या कीमिया अलीझादेनं तायक्वांदोत कांस्य जिंकलं. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती इराणची पहिली महिला.

जानेवारी २०२० मध्ये तिनं देश सोडल्याचं इन्स्टाग्रामवर जाहीर केलं. काय घालायचं, काय बोलायचं ते सरकार ठरवतं आणि माझ्या पदकाचा प्रचारासाठी वापर करतं, ही तिची तक्रार. पुढे जर्मनीनं आश्रय दिला.

पदकविजेतीला काय, कुठेही पायघड्या, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. तायक्वांदोचा सराव एकटीनं होत नाही. समोर तोलामोलाची जोडीदार लागते, चुका दाखवणारा प्रशिक्षक लागतो. आणि नागरिकत्व नाही, म्हणजे ऑलिंपिकला जर्मनीचा संघ नाही. त्यात कोरोना. उरला निर्वासितांचा ऑलिंपिक संघ. रिओत ती इराणकडून खेळत होती, तेव्हा हा दहा जणांचा संघ पहिल्यांदा उतरला होता.

टोकियोत, २५ जुलै २०२१ रोजी, तिची पहिलीच लढत पडली इराणच्या नाहिद कियानीशी. एके काळची संघातली सोबतीण! ड्रॉलाही कधी कधी खोडी काढायची लहर येते. नाहिदच्या हेल्मेटखाली हिजाब, कीमियाच्या नाही. या खेळात छातीच्या कवचात आणि हेल्मेटमध्ये सेन्सर असतात. अंगावर साधी लाथ बसली तर दोन गुण, डोक्यावर बसली तर तीन. कीमिया चांगली उंच, त्यामुळे डोकं तिच्या पायाच्या टप्प्यात. ती १८–९ अशी जिंकली. मग तिनं ब्रिटनच्या जेड जोन्सला, लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णं जिंकलेल्या खेळाडूला, १६–१२ असं घरी पाठवलं. पण उपांत्य लढत गेली, कांस्याची लढतही गेली. निर्वासित संघाचं पहिलं पदक हातातोंडाशी येऊन निसटलं. ते पुढे पॅरिस ऑलिंपिकमध्ये बॉक्सर सिंडी न्गाम्बानं मिळवलं.

पॅरिसला कीमिया आली ती बल्गेरियाची नागरिक होऊन. आणि पहिल्याच लढतीत पुन्हा नाहिद! या वेळी नाहिद जिंकली.

आता रेपेचाजचा नियम बघा. आपल्याला हरवणारी अंतिम फेरीत पोचली, तरच दुसरी संधी. रिओत कुस्तीत साक्षीलाही ती अशीच मिळाली होती. तेव्हा त्या दिवशी कीमिया मनातल्या मनात कुणाच्या विजयाची वाट पाहत असेल, हे वेगळं सांगायला नको. नाहिद एकेक लढत काढत अंतिम फेरीत गेली. तिथं कोरियाच्या किम यू-जिनकडून हरली, रौप्य मिळालं. इकडे रेपेचाजमधून कीमियानं कांस्य जिंकलं.

पॅरिसअखेर इराणच्या महिलांची ऑलिंपिक पदकं झाली तीन, तिन्ही तायक्वांदोतली: नाहिदचं रौप्य, मोबिना नेमतझादेचं कांस्य आणि रिओतलं कीमियाचं. पॅरिसचं तिचं कांस्य मात्र बल्गेरियाच्या खात्यावर.