हायब्रिड मोटार आणि राज्याची वेस

(पुणे येथे दिलेल्या एका व्याख्यानाचा मजकूर)



संगम पुलाजवळच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात परराज्याच्या पाटीची हायब्रिड मोटार नोंदवून घेण्यासाठी जो गृहस्थ रांगेत उभा असतो, त्याची गणना कोणी गरिबांत करणार नाही. त्याच्या गाडीची किंमत अनेक कामगार कुटुंबांच्या कित्येक वर्षांच्या मिळकतीएवढी असते. मग त्याच्या गाऱ्हाण्याशी समाजवादी विचाराच्या सभेला काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. परंतु कराचा प्रश्न करदात्याच्या ऐपतीपाशी संपत नाही. सार्वजनिक तिजोरीतून सोडून दिलेल्या महसुलाने नेमके काय साधले, हाही त्याचाच भाग आहे. आणि या गृहस्थाच्या हातातील कागदांवरून त्याचा हिशेब चांगला मांडता येतो.

समजा, हा गृहस्थ लखनौचा आहे. उत्तर प्रदेश शासनाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिड आणि प्लग-इन हायब्रिड मोटारींचा नोंदणीकर संपूर्ण माफ केला. ज्या गाडीत पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असते आणि ती मोटर काही अंतर एकटी गाडी ओढू शकते, ती स्ट्राँग हायब्रिड. तिला भिंतीतील खटक्याला जोडून विजेवर भारण्याचीही सोय असली, की ती प्लग-इन. त्या राज्यात दहा लाखांवरील मोटारींवर दहा टक्के कर होता. म्हणजे अठरा लाखांच्या गाडीमागे १,८०,००० रुपये शासनाने सोडून दिले. पुढे दीड-दोन वर्षांनी या गृहस्थाची बदली हिंजवडीला झाली. महाराष्ट्रात हायब्रिडला स्वतंत्र माफी नाही. ती इंधनावरून ओळखली जाते, आणि दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल मोटारीला एकरकमी कर बारा टक्के आहे. गाडीच्या वयाप्रमाणे त्यातून काही वजावट मिळेल. मात्र मूळ राज्याकडून कराचा जो परतावा मागायचा असतो, तो येथे शून्य. कारण भरलेच काही नव्हते. लखनौने दिलेली सवलत पुण्याने वसूल करून घेतली, इतकाच या व्यवहाराचा अर्थ. उत्तर प्रदेशाने महसूल सोडला तो तेथील हवा स्वच्छ व्हावी म्हणून. पण गाडी आता धूर सोडणार वाकडच्या चौकात.

आता उलट बाजू पाहावी. पुण्यात अठरा लाखांची हायब्रिड घेणाऱ्याने २,१६,००० रुपये भरले. नोकरीसाठी तो बंगळूरला गेला. कर्नाटकात त्याच किमतीच्या मोटारीवर आजीवन कराचा दर सतरा टक्के, म्हणजे नवी गाडी असती तर ३,०६,००० रुपये. जुनी असल्याने थोडे कमी. हे पैसे आधी भरायचे, तेथील नोंदणी पदरात पाडून घ्यायची आणि मगच महाराष्ट्राकडे उरलेल्या वर्षांचा परतावा मागायचा. मधल्या काळात एकाच गाडीच्या त्याच वर्षांचा कर दोन राज्यांच्या तिजोऱ्यांत पडून असतो. अर्ज, ना-हरकत दाखला, बँकेचे कर्ज असेल तर तिचे पत्र, आणि ही सर्व यातायात दोन शहरांत. ज्याला रजा मिळत नाही किंवा दलालाला पैसे देणे परवडत नाही, तो परतावा सोडूनच देतो. (शासनाच्या उत्पन्नात अशा कंटाळ्याच्या रकमेचे स्वतंत्र शीर्ष असते, तर अंदाजपत्रक वाचणे अधिक मनोरंजक झाले असते.)

हा घोटाळा कोणा अधिकाऱ्याच्या दुष्टाव्याने झालेला नाही. तो कराच्या घडणीतच आहे. १९५८ च्या मुंबई मोटार वाहन कर अधिनियमाची मूळ कल्पना कर मुदतीमुदतीने घेण्याची होती. गाडी त्या काळात राज्यात वापरली, तर त्या काळाचा कर. पुढे वसुलीच्या सोयीसाठी खाजगी गाड्यांवर सर्व वर्षांचा कर आगाऊ घेण्याची पद्धत राज्याराज्यांत रूढ झाली. माणूस जन्मभर एकाच गावी नोकरी करतो, असे गृहीत धरले तर ही पद्धत सोयीची आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार मात्र परराज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवलेल्या गाडीला तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. नोंदणीचा कायदा माणूस हलतो हे मान्य करतो. कराचा कायदा तो हलणार नाही असे समजून पैसे घेतो. या दोहोंच्या फटीत हा गृहस्थ सापडला आहे.

पुणेकरांना ही गोष्ट ओळखीची वाटावी. शहराच्या वेशीवरचे जकात नाके १ एप्रिल २०१३ पासून बंद झाले, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा देशाची बाजारपेठ एक झाल्याचे सांगण्यात आले. वाहनकर मात्र त्यातून बाहेर राहिला. राज्यांच्या हाती स्वतःचे म्हणता येतील असे जे थोडे कर उरले, त्यांत मद्य आणि इंधन यांच्या जोडीला वाहनाची नोंदणी. म्हणून कोणतेही राज्य तो सुखासुखी सोडणार नाही, आणि राज्यांच्या आर्थिक स्वायत्ततेची कळकळ असणाऱ्याने त्यांना तसे सांगूही नये.

केंद्राची धोरणेही या बाबतीत स्थिर राहिली नाहीत. १ एप्रिल २०१५ पासूनच्या ‘फेम’ योजनेत, ज्यांत विजेची मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते अशा ‘माइल्ड हायब्रिड’ डिझेल गाड्यांनाही अनुदान होते. ते १ एप्रिल २०१७ पासून बंद झाले. त्याच वर्षी जुलैत मोठ्या हायब्रिडवर २८ टक्के कर आणि १५ टक्के उपकर मिळून ४३ टक्क्यांचा बोजा आला. विद्युत मोटारीवरचा कर मात्र ऑगस्ट २०१९ मध्ये बारावरून पाच टक्क्यांवर उतरला. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान हायब्रिडना १८ आणि मोठ्यांना ४० टक्के असा दर लागू आहे. दोन वर्षांत ज्या वस्तूचे वर्णन अनुदानपात्र पासून चैनीची असे बदलते, तिच्याविषयी शासनाचे मत पर्यावरणावरून बनते की कारखानदारांच्या ये-जा करण्यावरून, याचा विचार श्रोत्यांनी करावा. हायब्रिडचा आग्रह धरणारे कारखानदार आणि विद्युत मोटारींवर भांडवल गुंतविलेले कारखानदार यांचे दोन तट आहेत. बिडदीला हायब्रिड तयार होतात, चाकणला विद्युत मोटारी. राज्यांच्या सवलतींच्या याद्या वाचताना कारखान्यांचे नकाशे शेजारी ठेवले, तर वाचन सुलभ होते.

विद्युत मोटारींच्या बाबतीतही हीच अस्थिरता दिसते. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्र शासनाने तीस लाखांवरील विद्युत मोटारींवर सहा टक्के कर सुचविला आणि त्याच महिन्यात मागे घेतला. कर्नाटकाने २०२४ मध्ये पंचवीस लाखांवरील विद्युत मोटारींवर दहा टक्के बसविला तो ठेवला. तीस लाखांच्या मोटारीला करमाफी आणि कामगाराच्या पेट्रोल दुचाकीला कर, या न्यायाचे समर्थन हवेच्या नावाने किती करायचे, हे ठरविण्याची वेळ आली आहे.

बदलीच्या त्रासावर केंद्राने एक उतारा काढला. १५ सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’ अक्षरांची नोंदणी सुरू झाली. तिच्यात कर दोन-दोन वर्षांचा भरायचा, आणि राज्य बदलले तरी पाटी बदलायची नाही. दहा लाखांपर्यंत आठ, वीस लाखांपर्यंत दहा, त्यापुढे बारा टक्के. डिझेलला दोन टक्के अधिक, विद्युत वाहनाला दोन टक्के कमी. हायब्रिडचा यात वेगळा उल्लेख नाही. तत्त्वतः ही रचना बरोबर आहे, कारण कर वापराच्या काळाशी पुन्हा जोडला गेला. परंतु तिचे दार कोणाला उघडे आहे? संरक्षण दलांतील लोक, केंद्र व राज्य शासनांचे आणि सार्वजनिक उपक्रमांचे नोकर, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खाजगी कंपन्यांचे कर्मचारी. मोठ्या संस्थेच्या आश्रयाला असलेल्यांचीच भटकंती शासनाला दिसते. स्वतंत्र व्यवसाय करणारा डॉक्टर, छोट्या कारखान्यातील फिटर, मुलाकडे राहायला गेलेला शेतकरी हे जणू गाव सोडतच नाहीत.

यावर मार्ग संविधानातच आहे. वाहनांवरील कर राज्य सूचीच्या ५७ व्या नोंदीत आहे, परंतु ती नोंद समवर्ती सूचीच्या ३५ व्या नोंदीला अधीन ठेवलेली आहे, आणि त्या नोंदीत यांत्रिक वाहनांवरील कराची तत्त्वे ठरविण्याचा विषय येतो. म्हणजे दर राज्याने ठरवावा आणि तत्त्व संसदेने सांगावे, अशी ही विभागणी आहे. कर वार्षिक असावा, गाडी ज्या राज्यात राहील त्या वर्षांचा त्या राज्याला मिळावा, राज्य बदलल्यावर हिशेब दोन शासनांनी आपसात मिटवावा, नागरिकाला हेलपाटे घालायला लावू नये, आणि सवलतही वर्षावार असावी, एवढी तत्त्वे संसदेने घालून दिली तर राज्यांच्या अधिकाराला धक्का लागत नाही. माफी द्यायची असेल त्या राज्याने ती आपल्या हद्दीत गाडी वापरली जाईल तेवढ्याच वर्षांची द्यावी. मग लखनौचा महसूल वाकडच्या हवेसाठी खर्ची पडणार नाही. आगाऊ मिळणारी मोठी रक्कम राज्यांना पहिली काही वर्षे मिळणार नाही, ही अडचण खरी आहे. तिच्यासाठी संक्रमणाची तरतूद करावी लागेल.

इंधनावरील कर हा दुसरा मार्ग नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी चर्चिला गेला आहे. मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, त्यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये रस्तेविकास समिती नेमली गेली. तिने पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर घेऊन रस्त्यांचा निधी उभारावा असे सुचविले, आणि १९२९ मध्ये तो निधी निघाला. जो जेवढा चालवील तेवढा तो देईल, आणि जेथे पेट्रोल भरील तेथे देईल. हायब्रिड कमी पेट्रोल जाळते, म्हणून तिच्या मालकाला मिळणारी खरी सवलत पंपावर मिळते. तिला अर्ज लागत नाही, आणि राज्याच्या वेशीवर ती काढूनही घेतली जात नाही. तरीही वाहनकराचा सर्व भार इंधनावर टाकावा हे सुचविणे घाईचे होईल. भोसरीला दुचाकीवरून जाणाऱ्या कामगारालाही तेच पेट्रोल घ्यावे लागते. त्याला पीएमपीची बस वेळेवर मिळत नाही तोवर इंधनकर वाढविणे म्हणजे मोटारवाल्याचा गुंता सोडविण्यासाठी दुचाकीवाल्याचा खिसा कापणे होय.

आणि सीमाभागात तर हा गुंता दुचाकीवाल्याचाच आहे. निपाणीचा तरुण कागलच्या औद्योगिक वसाहतीत कामाला येतो. रोज परत जातो तोवर त्याच्या कर्नाटकी पाटीला हरकत नाही. रात्रपाळीसाठी त्याने कागलला खोली घेतली आणि गाडी तेथेच राहू लागली, की बारा महिन्यांनंतर कायदा त्याला त्याच खिडकीपाशी आणतो, जेथे अठरा लाखांचा हायब्रिडवाला उभा आहे. त्याच्या कारखान्याची चार राज्यांत कार्यालये नाहीत, तेव्हा ‘बीएच’ पाटी त्याच्यासाठी नाही. परतावा मागायला चिक्कोडीला जायचे तर एका दिवसाचा पगार जातो, आणि काम एका खेपेत झाले नाही तर दोन दिवसांचा.