मोडलेले हाड आणि कॅल्शियम

हाड मोडते तेव्हा त्यातल्या रक्तवाहिन्याही तुटतात आणि काही तासांतच फटीभोवती रक्ताची गाठ तयार होते. तिथली सूज आणि ठणका नकोसा वाटला, तरी दुरुस्तीची सुरुवात तिथूनच होते. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत गाठीच्या जागी तंतू आणि कूर्चेचा मऊ सांधा बनतो. त्यात कॅल्शियम व फॉस्फेटचे क्षार बसून साधारण 6 ते 12 आठवड्यांत तो टणक होतो. प्लास्टर निघाल्यावरही जास्तीचे हाड झिजवून मूळ आकार घडवण्याचे काम अनेक महिने चालते. मुलांत हे लवकर उरकते, धूम्रपान करणाऱ्यांत रेंगाळते.

शरीरातले सुमारे 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. रक्तातल्या अल्पशा कॅल्शियमवर मात्र हृदय आणि स्नायूंचे काम अवलंबून आहे. म्हणून आहारात ते कमी पडले, की मानेतल्या परावटू ग्रंथींचे संप्रेरक हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणते. रक्ततपासणीत पातळी बहुधा ठीकच दिसते, आणि हाड आतून दुबळे होत राहते. या कमतरतेची हीच सर्वांत फसवी बाजू.

मुलांत ‘ड’ जीवनसत्त्व किंवा कॅल्शियम अपुरे पडल्यास मुडदूस होऊन पाय वाकतात. पाळी थांबलेल्या स्त्रियांची हाडे तशीही विरळ होऊ लागतात; त्यात कॅल्शियमची उणीव असेल, तर साध्या पडण्यानेही मनगट किंवा खुबा मोडतो. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पण ‘ड’ जीवनसत्त्वाअभावी आतडी त्यातले फारच थोडे शोषतात.