कॉम्फ्री : ओळख आधी, उपयोग नंतर



आपल्या कोकणातील कित्येक कुटुंबे ब्रिटनमध्ये स्थायिक झाली आहेत. तेथील बागांतून कॉम्फ्री नावाची बहुवर्षायू वनस्पती आढळते. तिची माहिती देताना एक इशाराही द्यावयाचा आहे.

कॉम्फ्रीची पाने मोठी, लांबट व टोकदार असतात. कडा अखंड असते, दातेरी नसते. अंगावरील राठ केस हाताला टोचतात. पानाचा खालचा भाग देठावर पंखासारखा उतरतो. वळलेल्या तुऱ्यावर जांभळी, गुलाबी किंवा पांढरट घंटेसारखी फुले लोंबतात.

फॉक्सग्लोव्ह ही विषारी वनस्पती पहिल्या वर्षी फुलत नाही, केवळ पाने धरते. तेव्हाच घोटाळा होतो. तिच्या पानांची कडा बारीक दातेरी असते व स्पर्श मऊ, लवदार असतो. तिच्यातील द्रव्ये हृदयावर परिणाम करतात. चुकून तिची पाने खाल्ल्याने माणसे दगावली आहेत.

आता लागवड. लॉरेन्स हिल्स यांनी इसेक्समधील बॉकिंग येथे संशोधन संस्था स्थापन केली. तेथील 'बॉकिंग १४' हा वाण बियांनी पसरत नाही, मुळांच्या तुकड्यांपासून लावतात. वसंतात सुमारे ५ सेंटिमीटर खोल लावावे. दोन रोपांत ६० ते ९० सेंटिमीटर अंतर ठेवावे. जागा विचारपूर्वक निवडावी, कारण जमिनीत राहिलेला मुळाचा तुकडाही पुन्हा फुटतो. पहिल्या वर्षी फुलांचे दांडे खुडावेत व रोपाला जोम धरू द्यावा. पुढील वर्षापासून उन्हाळ्यात अनेकदा कापणी करता येते. पालाशयुक्त पाने टोमॅटो-बटाट्याच्या बुडाशी पसरावीत, अथवा पाण्यात कुजवून द्रवखत करावे. वास मात्र उग्र येतो!

जुने लोक मोडलेल्या हाडावर हिचा लेप लावीत. म्हणून काहीजण हिचा चहाही पीत. परंतु हिच्यातील अल्कलॉइड यकृताला घातक ठरतात. २००१ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कॉम्फ्रीची पोटात घ्यावयाची उत्पादने बाजारातून काढण्यास सांगितले. तेव्हा ही वनस्पती जमिनीला द्यावी, पोटात घेऊ नये.

विद्यार्थी मित्रांनो, झाडपाल्याचे म्हणून ते निरुपद्रवी, असे मानू नका. नुसते नाव ऐकून विश्वास ठेवू नका. कडा पाहा, केस पाहा, देठ पाहा, मगच निर्णय घ्या. शिक्षणाने एवढी सवय लावली, तरी ते सार्थकी लागले असे मी समजेन.