हातातले काम काढून घेऊ नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



चिटणीसबाई मला म्हणाल्या, "या वेळी तुम्ही चार शब्द बोला." मी म्हटले, "मी सातवी शिकलेली बाई, मला काय बोलता येणार? फराळाचे काम सांगा, ते करते." पण त्या ऐकेनात. म्हणाल्या, "तुमच्या घरात जे चालले आहे तेच सांगा, पुष्कळ जणींच्या उपयोगी पडेल." घरातली गोष्ट चारचौघींत सांगावी की नाही, याचा मी आठ दिवस विचार केला. शेवटी सासूबाईंनाच विचारले. त्या म्हणाल्या, "सांग की! मी तरी कुठं लक्षात ठेवणार आहे?" आणि हसल्या. म्हणून उभी राहिले आहे. चुकलेमाकले सांभाळून घ्या.

आमच्या सासूबाईंना आपण सगळ्या ओळखता. त्यांचे माहेर अथणीचे, घरची भाषा कानडी. लग्न होऊन मिरजेला आल्या तेव्हा त्यांना मराठी धड बोलता येत नव्हते. शेजारच्या बायकांत बसून, निवडता-टिपता शिकल्या. आज त्यांचे मराठी ऐकून कोणाला शंकाही येणार नाही. मात्र पैसे मोजायचे झाले की वंदु, एरडु, मूरु असेच मोजतात. दुधाचा हिशेब कालनिर्णयाच्या पानावर, आणि भिशीचा सगळा तोंडपाठ. आमच्या गल्लीत त्यांच्या कुरड्यांचे नाव होते. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग वाटून चीक काढायचा, रात्रभर निवू द्यायचा, वरचे पाणी ओतून टाकायचे, आधणात मीठ-हिंग घालून चीक शिजवायचा. हे सगळे कोणत्या दिवशी कोणत्या वेळी करायचे, ते त्यांच्या डोक्यात असे. आम्ही नुसत्या हाताखाली.

२०२१ साली सासरे गेले. त्यानंतर सासूबाई थोड्या गप्प झाल्या. आम्हांला वाटले, दुःख आहे, होईल कमी. मग लहानसहान गोष्टी घडू लागल्या. आमटीत दोनदा मीठ. दूध उतू जाऊन करपले तरी त्या शेजारीच उभ्या. "आज वार कोणता?" हे सकाळी चार वेळा विचारणे. आम्ही हसण्यावारी नेले. साठी बुद्धी नाठी म्हणतात, आणि यांनी तर सत्तरी ओलांडलेली.

पुढच्या उन्हाळ्यात कुरड्या घातल्या. आधणात मीठ घातले की नाही हे त्यांना आठवेना, म्हणून त्यांनी पुन्हा घातले. आणि बहुधा तिसऱ्यांदाही. वाळल्यावर तळून पाहिल्या, तोंडात घालवेनात. घरी पाहुणे होते. कोणीतरी हसले, आणि मी, भगिनींनो, मी सगळ्यांदेखत म्हणाले, "आई, आता तुम्ही स्वयंपाकघरात येऊच नका. देवाचे नाव घेत स्वस्थ बसा." त्या काही बोलल्या नाहीत. हात धुतले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या.

त्या दिवसापासून आम्ही त्यांच्या हातातले एकेक काम काढून घेतले. गॅस नको, भाजेल. विळी नको, कापेल. बाजाराला नको, वाट चुकतील. भिशीचा हिशेब मुलाने घेतला. माझ्या मनात वाईट काही नव्हते, उलट आपण सासूला किती सुखात ठेवले आहे असेच वाटे. शेजारणीही म्हणत, "नशीबवान आहेत, काडी इकडची तिकडे करावी लागत नाही." सहा महिन्यांत त्या दुप्पट म्हाताऱ्या झाल्या. टीव्हीसमोर बसत, पण काय चालले आहे ते सांगता येत नसे. बोलावले तर ओ देत नसत. एकदा मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारली.

आम्ही जवळच्या एका डॉक्टरांना दाखवले. त्यांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, "वय झाले, असे चालायचेच." आम्ही परत आलो. इथेच एक वर्ष फुकट गेले.

माझी मुलगी नर्सिंग शिकते. ती सुट्टीत आली आणि आजीला पाहून रागावली. म्हणाली, "आई, विसरणे हे नुसते वयाचे नसते. त्याला कारण असते आणि ते शोधावे लागते." तिने मला एक गोष्ट सांगितली. जर्मनीत फ्रँकफुर्टच्या इस्पितळात १९०१ साली एका बाईला आणले होते. तिला स्वतःचे नावसुद्धा नीट लिहिता येत नसे. ती १९०६ साली वारली, तेव्हा डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू तपासला आणि त्यात झालेला बिघाड जगाला दाखवला. त्यांच्याच नावाने हा रोग ओळखला जातो. इस्पितळात आली तेव्हा त्या बाईचे वय किती होते? अवघे ५१! म्हणजे साठी बुद्धी नाठी हे काही खरे नव्हे. वयाबरोबर धोका वाढतो हे खरे, पण म्हातारपण म्हणजे हा रोग नव्हे.

मग मोठ्या इस्पितळात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले, डोक्याचा फोटो काढला, कान तपासले, आणि सासूबाईंना तासभर प्रश्न विचारले. घड्याळ काढायला लावले. तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. सासूबाईंना एकच आठवला, 'गुलाब'. दोन कारणे निघाली. एक म्हणजे बी-१२ हे जीवनसत्त्व फार कमी. आपल्यासारख्या शाकाहारी घरांतून हे पुष्कळांना कमी पडते, कारण ते भाजीभाकरीत नसते, दूधदह्यात थोडेसे मिळते. ते कमी झाले की विसराळूपणा येतो. तसाच तो थायरॉईडच्या बिघाडाने येतो, मन खचल्यानेही येतो, आणि काही गोळ्यांनीसुद्धा येतो. ही कारणे वेळेवर सापडली तर उपाय होतो. दुसरे कारण कानांचे. त्यांना निम्मे ऐकूच येत नव्हते. आम्ही म्हणत होतो, "सांगितलेले विसरतात." अहो, जे कानात शिरलेच नाही ते लक्षात कसे राहणार?

इंजेक्शने झाली, कानाला यंत्र लावले. महिन्या-दीड महिन्यात त्या हाकेला ओ देऊ लागल्या, नातवंडांशी बोलू लागल्या. मला वाटले, सुटलो! पण डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले, "बी-१२ चे आणि कानाचे जेवढे होते तेवढे सुधारले. बाकीचा विसर आहे तो रोगाचा आहे. तो हळूहळू वाढेल. तो बरा करणारे औषध नाही." त्या दिवशी मी घरी येऊन न्हाणीघरात दार लावून रडले.

आपल्या देशात साठीपुढच्या शंभर माणसांत सातांहून थोड्या अधिक जणांना असा विसरण्याचा रोग आहे, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. एकूण जवळजवळ ८८ लाख माणसे, आणि त्यांत पुरुषांपेक्षा बायकांचे प्रमाण जास्त. आपल्या दोन गल्ल्यांतली साठीपुढची माणसे मोजली तर पन्नासावर सहज जातील. म्हणजे तीन-चार घरांत हे चालू असेल आणि तिथेही कोणी म्हणत असेल, वय झाले, असे चालायचेच.

२०२४ साली मोठमोठ्या डॉक्टरांच्या एका मंडळाने या रोगाचा धोका वाढवणारी चौदा कारणे सांगितली. ती सगळी दूर करता आली तर शंभरातल्या पंचेचाळीस जणांचा रोग टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा हिशेब. मुलगी वाचून दाखवत होती. ऐकू कमी येणे हे त्यात वरच्या नंबरावर. रक्तदाब, साखर, तंबाखू, दारू, वाढलेले वजन, व्यायामाचा अभाव, डोळ्यांना न दिसणे, डोक्याला मार, मन खचणे, एकटे पडणे. आणि लहानपणी कमी झालेले शिक्षण!

हे ऐकून मी पोळी लाटायची थांबले. माझी शाळा सातवीनंतर सुटली. हायस्कूल दुसऱ्या गावाला होते, आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कोणी नव्हते. त्याचे मला कधी फारसे वाटले नव्हते. पण त्याची किंमत म्हातारपणी अशीही मोजावी लागेल, हे कोणी सांगितले होते? सासूबाई तर चौथीपर्यंतच. मला राग आला. कोणाचा, ते सांगता येत नाही.

मुलगी म्हणाली, "पुढचेही ऐक." हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी यांनी ६४८ रोग्यांची पाहणी केली, ती २०१३ साली छापून आली. ज्यांना दोन किंवा अधिक भाषा बोलता येत होत्या, त्यांच्यात रोगाची लक्षणे एकभाषी रोग्यांपेक्षा सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसली. आणि जे कधी शाळेतच गेले नव्हते, त्यांच्यातही हा फरक होता. रोग टळला नाही, पण उशिरा दिसला. मी सासूबाईंकडे पाहिले. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या आणि अथणीच्या बहिणीशी फोनवर कानडीत भांडत होत्या. निवडता-टिपता शिकलेल्या मराठीने त्यांना काही वर्षे दिली असतील की काय, कोणी सांगावे? एका माणसाबद्दल असे ठामपणे सांगता येत नाही, असे मुलगी म्हणते. पण मला बरे वाटले.

आता आमच्या घरी काय चालते ते सांगते. मी त्यांची कामे परत दिली. सगळी नव्हेत. गॅसची कळ मी रात्री स्वतः बंद करते, आणि बाजाराला नातू बरोबर जातो. पण मेथी निवडणे, वाती वळणे, भाकरी थापणे त्यांच्याकडे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की ताजे आधी जाते आणि हाताला बसलेले पुष्कळ दिवस टिकते. ते मी डोळ्यांनी पाहिले. सकाळी काय खाल्ले ते त्यांना सांगता येत नाही, पण भाकरी मात्र अजून माझ्यापेक्षा गोल. यंदा कुरड्याही घातल्या. मीठ माझ्याकडे, सोऱ्या त्यांच्याकडे. चीक किती घट्ट हवा ते त्यांनी बोटाने पाहून सांगितले आणि मी चुकले होते तिथे मला बोलल्या. ते बोलणे मला किती गोड लागले, काय सांगू!

दुधाचा हिशेब त्याच मांडतात. चुकतो. मी नंतर गुपचूप दुसऱ्या वहीत लिहिते. त्यांना कळू देत नाही. आता हे छापून येणार, म्हणजे कळेलच. असो.

सगळे गोड चालले आहे असे मात्र समजू नका. तीच गोष्ट दिवसातून दहा वेळा विचारली की माझाही तोल जातो. परवा सासऱ्यांचे ताट वाढायला सांगत होत्या. "ते गेले" असे सांगितले तर त्यांना पुन्हा नव्याने दुःख होते, हे मी एकदा पाहिले आहे. म्हणून "येतील, तोवर तुम्ही जेवा," असे म्हटले. हे खोटे बोलणे बरोबर की चूक, मला अजून कळलेले नाही. आणि जिच्या घरात हे दुखणे आहे तिला "तुम्ही त्यांचे डोके चालते ठेवले नाही म्हणून झाले" असे कृपा करून कोणी म्हणू नका. डॉक्टरांच्याच हिशेबाने ती सगळी कारणे दूर केली तरी शंभरातल्या पंचावन्नांचा रोग टळत नाही.

आता आपल्या वयाच्या बायकांसाठी. मीही चष्मा शोधते आणि तो डोक्यावर असतो. खोलीत जाते आणि कशाला आले ते विसरते. मला भीती वाटली, म्हणून डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "चाळिशी-पन्नाशीत पाळी जायच्या सुमारास, झोप नीट नसली की असे पुष्कळ जणींना होते. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे, आणि चष्मा कशासाठी असतो हे न उमगणे वेगळे." नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणे, रोजचा हिशेब न जमणे, एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारणे, बोलताना साधे शब्द न सापडणे, असे दिसले तर थांबू नका, दाखवा. आणि कानात दडे बसल्यासारखे वाटत असेल तर तेही. आपण डोळ्याला चष्मा लगेच लावतो, पण कानाच्या यंत्राची लाज वाटते. रक्तदाबाची गोळी "आज बरे वाटते" म्हणून सोडणाऱ्या आपल्यात किती जणी आहेत, ते मी हात वर करायला सांगून विचारणार नाही. मीही त्यांतलीच होते.

डोके चालते ठेवण्यासाठी मोबाईलवरचे खेळ खेळा असे पुष्कळ लोक सांगतात. त्यांनी रोग टळतो याची खात्री कोणी देत नाही. मला वाटते, चार माणसांत बसून नवे काही शिकावे ते बरे. मी स्वतः सासूबाईंकडून कानडी शिकायला घेतले आहे. त्या मला रोज तोच धडा देतात, कारण काल दिलेला त्यांना आठवत नाही. त्यामुळे माझा पहिला धडा फार पक्का झाला आहे!

अध्यक्षीणबाईंच्या परवानगीने एक विनंती करते. दर बुधवारी दुपारी तीन वाजता मंडळाची खोली रिकामी असते. ज्यांच्या घरी अशी वडील माणसे आहेत त्यांनी त्यांना तासभर घेऊन यावे. कोणी वाती आणा, कोणी शेंगा आणा, पत्त्याचा जोड माझ्याकडे आहे. ज्यांना येताना वाट आठवत नाही त्यांना आणायला मी आणि माझी जाऊ येऊ. चहाची साखर वेगळी ठेवू, मधुमेहवाल्या बऱ्याच आहेत. पहिल्या बुधवारी सासूबाई सोऱ्या घेऊन येणार आहेत, असे त्यांनी काल कबूल केले आहे. मी त्यांना मंगळवारी रात्री पुन्हा सांगेन, आणि बुधवारी सकाळी पुन्हा.