गणित-शिक्षणात हालचाल व गटकार्य
(कारंजा (घाडगे) तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



गणित हा स्वस्थ बसून शिकण्याचा विषय आहे, अशी समजूत पुष्कळ शाळांतून रूढ आहे. तीसपर्यंतचे पाढे खडाखडा म्हणणारा मुलगा हुशार ठरतो. परंतु ‘30 मीटर लांबीच्या ओळीत, दोन्ही टोके धरून, सहा-सहा मीटरवर संत्र्याची किती झाडे लागतील?’ असे विचारताच तोच मुलगा ‘पाच’ असे उत्तर देतो. पाढा चुकलेला नसतो. पण भागाकाराने अंतरे मिळाली, झाडे नव्हेत, हे त्याच्या ध्यानी येत नाही.

संत्र्याच्या या मुलखात साधनांसाठी दूर जाण्याचे कारण नाही. मैदानावर 30 मीटरची दोरी ताणावी व मुलांनी सहा-सहा मीटर मोजून झाडांप्रमाणे उभे राहावे. मग कोणी झाडे मोजावीत, कोणी मधली अंतरे चालत मोजावीत. झाडे सहा, अंतरे पाच! हा एकाचा फरक कोठून आला, यावर मुलांत वाद होईल. तो होऊ द्यावा. येथे शिक्षकाने घाईने सूत्र सांगितले, की तास वाया गेला असे समजावे. नंतर त्याच सहा मुलांनी हात धरून ओळीत उभे राहावे: हातांचे जोड पाच. वर्तुळ करावे: जोड सहा. पहिल्याने शेवटच्याचा हात धरला म्हणून एक वाढला, हे मुले आपण होऊन सांगतात.

या जिल्ह्यास ही दृष्टी नवी नाही. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने हस्तोद्योगाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम मांडला. सूतकताईत चार फुटांचा एक तार, 160 तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. गुंडीत सूत किती, तर 2560 फूट. आणि ते मुलाने स्वतःच्या हाताने काढलेले असे. उद्योगाच्या उत्पन्नावर शाळेचा खर्च भागावा, या अपेक्षेस त्या काळीही विरोध झाला व तो रास्त होता. हाताने केलेल्या कामातून संख्या उमगते, हा भाग मात्र टिकून आहे.

संख्यावाचनाची अडचण तर रोजचीच. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी येतात, लिहिताना सहा. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ या धर्तीचे वाचन आले, तेव्हा केवढा वाद उठला! नाव कोणतेही घ्या, मुलांना 63 उभे करून दाखवावे. दशकाच्या घरात सहा मुले, प्रत्येकाची दहाही बोटे उघडी. एककाच्या घरात एक मूल, तीन बोटे उघडी. आता आठ वजा करावयाचे. तीन बोटांतून आठ कशी मिटणार? दशकाच्या घरातील एक मूल उठून एककाच्या घरात येते. तेथे 13 बोटे झाली. आठ मिटली, पाच उरली. पलीकडे पाच मुले उरली. उत्तर 55. हातचा म्हणजे काय, हे मुलाला आपल्या पायांनी कळले. शेजारच्या घरातील अंकावर नुसती रेघ मारून ते कळत नाही.

परंतु उड्या मारल्या म्हणजे गणित झाले असे नव्हे. पाढे म्हणत मैदानाला फेरी घातली, तर व्यायाम होईल. पाढ्याचा अर्थ जेथल्या तेथेच राहील. पाऊल हेच माप किंवा मूल हाच दशक झाला पाहिजे. गटकार्यात आणखी एक दोष शिरतो: एक चलाख मूल उत्तर देते आणि बाकीचे मान डोलावतात. म्हणून दोरी धरणारा, मोजणारा, लिहिणारा यांची कामे प्रत्येक फेरीस बदलावीत. पायाने अधू असलेल्या मुलास बाजूला बसवून गुण मोजावयास लावू नये. तो दोरीचे टोक धरून पहिले झाड होऊ शकतो. ज्या शाळेत दोनच शिक्षक आहेत, तेथे चौथीच्या मुलांनी दोरी आखावी व दुसरीच्यांनी उभे राहावे; दोन्ही वर्गांचे काम एकाच वेळी होते.

मैदानावरून परतल्यावर प्रत्येकाने एकट्याने पाटीवर एक उदाहरण सोडवावे, आणि ते आकडे बदललेले असावे: ओळ 42 मीटरची, अंतर सहाच मीटर. ज्यांच्या पाटीवर सात येईल, त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी दोरी पुन्हा ताणावी.